पालेगावच्या पुढचा अंधार आणि कपाळावरचा दिवा

अंबरनाथ पूर्वेला उतरायचं, स्टेशनबाहेर रिक्षा पकडायची आणि ‘पालेगाव’ म्हणायचं. आधी बाजाराची गर्दी, मग आनंदनगर एमआयडीसीच्या कंपन्या, काटई-बदलापूर रस्त्यावरचे ट्रक आणि मग एकदम उंचच उंच टॉवर्स. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये ‘माउंटन व्ह्यू’ लिहिलेलं असतं आणि गंमत म्हणजे ते खरं असतं. दक्षिणेकडे मान वळवली की मलंगगड, ताहुली, चंदेरी अशी डोंगरांची सगळी रांग समोर. ऑफिसातून दमून आलेल्या माणसाला बाल्कनीत चहाचा कप घेऊन आणखी काय हवं?

पण हा व्ह्यू फक्त दिवसाचा. रात्री टॉवरच्या लॉबीत झगमगाट, गेटवर हॅलोजन, रस्त्यावर खांबांची ओळ. ती ओळ संपली की पुढे डोंगराच्या पायथ्यापर्यंत नुसता काळोख, मधूनच एखाद्या पाड्यावरचा दिवा. शहर नेमकं कुठे संपतं हे मुंबईत सांगता येत नाही. पालेगावात मात्र बोट ठेवून दाखवता येतं.

आणि सध्या या काळोखात जायची क्रेझ जाम वाढलीय. सोमवार ते शुक्रवार लोकलमध्ये उभं राहणारी मंडळी वीकेंडला रात्री सॅक पाठीला लावून निघतात. सीएसएमटीपासून अंबरनाथ ६० किलोमीटर, कर्जत १००. म्हणजे मुंबईकर ट्रेकर शेवटच्या कर्जत लोकलमध्ये पेंगत असतो तेव्हा आपण अंबरनाथकर अर्ध्याहून जास्त वाटेवर आधीच पोचलेले! कोणी राजमाचीला निघतं, कोणी कळसूबाईचा सूर्योदय गाठायला, कोणी वांगणीला तारे बघायला. ट्रेकच्या ग्रुपवर सामानाची यादी येते. तिच्यात पाणी, सुका खाऊ, जादा मोजे आणि एक नंबरला ‘टॉर्च, शक्यतो हेडटॉर्च’.

इथून कन्फ्युजन सुरू. ऑनलाइन बघावं तर शेकडो मॉडेल्स. एकावर ३०० ल्युमेन, दुसऱ्यावर १,०००, तिसऱ्यावर थेट ५०,००० आणि तोच सगळ्यात स्वस्त! घ्यायचा कोणता? तर मंडळी, फंडा एकच. बॉक्सवरचा सगळ्यात मोठा आकडा हा सगळ्यात कमी कामाचा आकडा असतो. आधी वाट ठरवा, किती तास चालायचं ते मोजा, सोबत कोण आहे ते बघा. टॉर्च त्यानंतर.

मोबाइलमध्ये टॉर्च आहे की!

हे वाक्य प्रत्येक ग्रुपमध्ये एक जण तरी बोलतोच. सोसायटीच्या जिन्यात लाइट गेले तर मोबाइल पुरतो. डोंगरात नाही. पहिलं कारण, मोबाइल धरायला एक हात जातो. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात. तोंडात मोबाइल धरून शिडी चढणारे महाभाग असतात, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. वाट चुकली, कुणाचा पाय मुरगळला, तर ११२ किंवा १०८ ला फोन लावणार कशानं? नकाशा बघणार कशावर, लोकेशन पाठवणार कशावरून? डोंगरात रेंज शोधता शोधता बॅटरी आधीच उतरत असते. त्यात टॉर्च दोन-तीन तास चालू ठेवला की मदतीचा एकमेव मार्ग आपणच बंद केला. मोबाइल सॅकमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत. उजेडासाठी उजेडाचीच वस्तू.

टिळा नव्हे, टिक्का

आपल्याकडे रात्रीची वाट माणसं कायमच चालत आली. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख आहे. त्या काळापासून अगदी आजोबांच्या पिढीपर्यंत चूड, पलिता, मशाल आणि पुढे कंदील हाच रात्रीचा सोबती. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी, त्या हातात धराव्या लागत. बॅटऱ्या आल्या तरी हात अडकलेलाच.

डोक्यावर दिवा बांधायची गरज पहिल्यांदा लागली ती खाणीतल्या कामगारांना आणि गुहा शोधणाऱ्यांना. साध्या बल्बचे ते दिवे वजनदार होते आणि सेल भराभर खायचे. चित्र बदललं ते एलईडीमुळे. जपानच्या शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये लख्ख प्रकाशाचा निळा एलईडी बनवला. त्याच्यामुळेच पांढरा एलईडी शक्य झाला आणि या शोधासाठी इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह त्यांना २०१४ चं नोबेल मिळालं. २००० साली फ्रान्सच्या पेट्झल कंपनीनं मुठीत मावणारा एलईडी हेडटॉर्च आणला. नाव काय, तर ‘टिक्का’! कपाळावर लावायच्या वस्तूला आपल्याकडेही याहून चपखल नाव सापडलं नसतं.

ल्युमेनचं गणित, विदाउट टेन्शन

ल्युमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. घरातला ९ वॉटचा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन देतो. म्हणजे ढोबळमानानं एका वॉटला १०० ल्युमेन. आता तो ५०,००० ल्युमेनचा स्वस्त हेडटॉर्च आठवा. हिशोबानं त्याला ५०० वॉट वीज लागेल, म्हणजे घरातले पन्नासपेक्षा जास्त बल्ब एका कपाळावर! तेवढी उष्णता कपाळाला सोसेल का? तो आकडा हवेतला आहे एवढं कळायला इंजिनीअर असावं लागत नाही.

सरळ पायवाटेवर चालायला ५० ते १०० ल्युमेन भरपूर होतात. खडकाळ चढ-उतारावर १५० ते २००. पुढची वाट कुठे वळते, खूणदगड कुठे आहे हे शोधायला मिनिटभर ३०० मिळाले की काम झालं. त्याहून जास्त प्रकाश रोज वापरलाच जात नाही. शिवाय आपला डोळा असा की दुप्पट ल्युमेन त्याला दुप्पट उजेड वाटत नाहीत. आणि दुप्पट लांबचं दिसायला दुप्पट नव्हे, चौपट तीव्रता लागते. म्हणजे बॅटरीची वाट.

चांगल्या कंपन्यांच्या बॉक्सवर ‘एफएल-१’ असं छापलेलं असतं. ही टॉर्च मोजायची ठरलेली पद्धत. तिच्यात ‘बीम डिस्टन्स’ म्हणजे किती मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका, पाव लक्स, प्रकाश उरतो ते अंतर. आणि ‘रन टाइम’ म्हणजे प्रकाश सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ. पुन्हा वाचा, १० टक्के! २०० ल्युमेन, २० तास असं लिहिलेलं असेल तर विसाव्या तासाला तुमच्याकडे जेमतेम २० ल्युमेन असतील. म्हणून प्रकाश शेवटपर्यंत स्थिर ठेवणारं सर्किट, म्हणजे ‘रेग्युलेटेड’ आउटपुट असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

तुमची वाट कोणती?

टॉर्चचा प्रकाश दोन तऱ्हेचा असतो. पसरट प्रकाश आजूबाजूची जमीन दाखवतो, झोताचा प्रकाश लांबचं दाखवतो. लोणावळ्याहून राजमाचीला जाणारा कच्चा रस्ता लांबलचक, पण बराचसा सोपा. तिथे मंद, पसरट प्रकाश पुरे. कर्जतच्या बाजूनं कोंदिवडेवरून राजमाची चढायचा तर जंगलातली चढण. तिथे पसरट आणि झोत दोन्ही लागतात. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर. तिथे शिड्यांसाठी हलका, डोक्यावर घट्ट बसणारा टॉर्च हवा. मान वर-खाली करताना घसरणारा टॉर्च कितीही लख्ख असला तरी निरुपयोगी.

वांगणीची गोष्ट वेगळी. खगोल मंडळासारख्या संस्थांचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम तिथे होत आलेत. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाचा एक झोत ती सगळी कमाई क्षणात घालवतो. मंद लाल प्रकाशानं मात्र डोळ्यांची सवय फारशी मोडत नाही. म्हणून लाल दिव्याची सोय असलेला टॉर्च घ्या. आणि तो लाल दिवा वेगळ्या बटणानं थेट लागतो ना, हे दुकानातच बघा. काही मॉडेल्समध्ये लालपर्यंत पोचायला आधी पांढऱ्यातून जावं लागतं. मग तुमच्याबरोबर शेजारच्या दहा जणांचे तारेही गायब!

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांचा सीझन. राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी इथे झाडंच्या झाडं लुकलुकतात. ते लुकलुकणं म्हणजे काजव्यांची जोडीदाराशी चाललेली बोलाचाली. आपला टॉर्च मध्ये आला की ती बोलणी फिसकटतात. तिथे टॉर्च बंद, अगदीच गरज असेल तर लाल आणि जमिनीकडे.

आणि आपल्या उशाचा मलंगगड? दर्ग्यापर्यंतची पायऱ्यांची वाट वर्दळीची. पण तिथून वर बालेकिल्ल्याकडे तुटलेल्या पायऱ्या आणि उघडे कडे आहेत. ते अंधारात करायचं काम नाही. जगातला कुठलाही हेडटॉर्च दरीवर कठडा बांधून देत नाही.

पायाखाली कोण आहे?

आता जरा सिरियस. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार प्रमुख विषारी साप आपल्या भागात आहेत. त्यांतली मण्यार पक्की निशाचर. घोणस आणि फुरसंही बहुतेक अंधार पडल्यावरच हिंडतात. पावसाळ्यात सह्याद्रीतला हिरवा चापडा फांदीवर, कधी कधी नेमका हात टेकायच्या उंचीवर बसलेला असतो. रात्रीच्या टॉर्चचं खरं काम हे. लांबचा डोंगर उजळायचा नाही, पुढची तीन पावलं आणि पुढचा हात टेकायची जागा दिसली पाहिजे.

इथे हेडटॉर्चचा एक दोष माहीत हवा. दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असल्यामुळे वस्तूची सावली वस्तूच्या मागेच पडते, आपल्याला दिसत नाही. मग खड्डा, दगड, वेटोळं सगळं सपाट वाटतं. उपाय सोपा. अवघड जागी टॉर्च काढून हातात, कमरेच्या उंचीवर धरायचा. सावल्या लांब पडतात आणि जमीन खरी दिसते. निळसर पांढऱ्या प्रकाशात सुका पाला आणि माती एकसारखीच करडी दिसते, म्हणून किंचित उबदार, ‘न्यूट्रल’ पांढरा प्रकाश मिळाला तर तो निवडा.

त्याउपर कुणाला साप चावलाच तर कापाकापी नाही, आवळून बांधणं नाही, मांत्रिक नाही. चावलेला भाग हलू न देता माणसाला उचलून लवकरात लवकर जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं.

बॅटरी: खरी हिरॉइन

आपल्याकडे डिसेंबरची रात्र सूर्यास्त ते सूर्योदय सुमारे तेरा तासांची. जूनची पावणेअकरा तासांची. टॉर्च घेताना प्रश्न हा विचारायचा, की १०० ल्युमेनवर हा रात्रभर टिकेल का?

हिशोब करून बघा. १८६५० हा जाडसर रिचार्जेबल लिथियम सेल चांगल्या कंपनीचा, ३,००० एमएएचचा असेल तर त्यात साधारण ११ वॉट-तास वीज असते. एका वॉटला १०० ल्युमेन धरले तर ११ तास निघाले. प्रत्यक्षात थोडे कमी. तीन बारीक पेन्सिल सेलमध्ये मिळून साधारण ४ वॉट-तास, म्हणजे तीन-चार तास. आणि त्याच १८६५० सेलवर कुणी ९,९०० एमएएच छापलं असेल तर दुकानदाराला नमस्कार करून निघा. त्या आकाराच्या सेलची मजल आजही साधारण ३,५००च्या आसपासच असते.

मग रिचार्जेबल घ्यावा की सेलवाला? आठवड्याला वापरणार असाल तर रिचार्जेबल. यूएसबी-सी असेल तर मोबाइलचाच चार्जर चालतो आणि पॉवर बँकेवरूनही जीव धरतो. वर्षातून दोनदा जाणार असाल तर सेलवाला बरा, सेल गावातल्या किराणा दुकानातही मिळू शकतात. दोन्ही चालणारी मॉडेल्सही मिळतात. मात्र कपाटात ठेवताना सेल काढून ठेवा, नाहीतर ते गळून टॉर्चचा जीव घेतात. आणि सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन टॉर्च आपोआप पेटायचा प्रकार नेहमीचा. लॉकची सोय असेल तर वापरा, नसेल तर एक सेल उलटा घालून ठेवा.

पाऊस, धुकं आणि पतंग

पावसाळ्यासाठी ‘आयपीएक्स-४’ म्हणजे चहूबाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण. आपल्या जुलैतल्या धो धो पावसाला हे किमान. ‘आयपीएक्स-७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही शाबूत. ओढे ओलांडणाऱ्यांनी तोच घ्यावा. पण टॉर्च पाण्यात टिकतो म्हणून आपणही टिकू असं नाही. रात्री ओढ्याचं पाणी चढलेलं असेल तर माघारी फिरायचं. बदलापूरच्या कोंडेश्वरसारख्या जागांवर पावसाळ्यात बंदीचे आदेश निघत असतात, ते आधी बघायचे आणि पाळायचे.

धुक्यात हेडटॉर्च लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते. जितका प्रकाश जास्त तितकी भिंत जाड. तिथेही तोच उपाय, प्रकाश कमी करून टॉर्च कमरेशी. आणि पहिल्या पावसानंतर गावभरचे पतंग तुमच्या कपाळावर पार्टी करायला येतात. लाल प्रकाशावर ते कमी येतात. तोंड मात्र बंद ठेवा.

अंधाराचेही मॅनर्स असतात

समोरच्याशी बोलताना मान वर केली की त्याच्या डोळ्यांत हजार सूर्य. म्हणून टॉर्च कायम खाली झुकवलेला. वाटेतल्या घरांवर, गोठ्यांवर झोत मारायचा नाही. आपला तो वीकेंड असतो, पाड्यावरच्या माणसांना पहाटे शेतावर जायचं असतं. ग्रुपमध्ये सगळ्यात चांगला टॉर्च म्होरक्याकडे नाही, शेवटच्या माणसाकडे द्यावा. मागे राहणारा, थांबणारा, दम लागलेला त्यालाच दिसतो. दहा जणांमागे एक जादा टॉर्च सॅकमध्ये हवाच.

वाट चुकलीच तर भटकत राहू नका, एका जागी थांबा. मिनिटात सहा वेळा टॉर्च लुकलुकवा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा वेळा. डोंगरातली संकटाची ही जगभरची खूण आहे. मिनिटात तीन वेळा उत्तर आलं की समजायचं, कुणीतरी आपल्याला पाहिलंय. आणि निघण्यापूर्वी घरी एकाला तरी सांगून ठेवा, कुठे चाललोय आणि किती वाजता फोन करणार. हे कुठल्याही टॉर्चसोबत फुकट मिळत नाही.

खरेदीला जाताना

• बॉक्सवर ‘एफएल-१’ आहे का? मधल्या मोडवर किती तास, ते वाचा.
• पसरट आणि झोत, दोन्ही प्रकाश आहेत का?
• लाल दिवा थेट लागतो का?
• डोळे मिटून बटण सापडतं का? अंधारात तसंच शोधायचंय.
• टोपी किंवा हेल्मेटवर पट्टा बसतो का? उड्या मारून बघा, लाजू नका.
• सेलसकट वजन १०० ग्रॅमच्या आसपास आहे का?
• जादा सेल किंवा पॉवर बँक घेतली का?

ऑनलाइन फोटो बघून घेण्यापेक्षा दुकानात जा. मुंबईत लोहार चाळ आहे, आपल्या शेजारी उल्हासनगरचा बाजार आहे, स्पोर्ट्सची मोठी दुकानं आहेत. कुठेही जा, पण वस्तू हातात घ्या, डोक्याला बांधा आणि चालू करून बघा.

नवा टॉर्च घेऊन थेट कळसूबाई गाठू नका. आधी घराजवळची एखादी ओळखीची वाट निवडा, जी दिवसा दहा वेळा चाललात. काकोळ्याच्या बाजूला रेल्वेनं ब्रिटिश काळात बांधलेला जीआयपी तलाव आहे, तिकडचा रस्ता ओळखीचा असेल तर उत्तम. दोघं-तिघं मिळून जा, पाण्यापासून लांब राहा, तासाभरात परत फिरा. कुठल्या मोडवर पाय दिसतात, पट्टा कुठे रुततो, बटण कुठलं, सगळं तेवढ्यात कळतं.

आणि परतताना एका मोकळ्या जागी थांबून टॉर्च बंद करा. दहा मिनिटं काही बोलू नका. हळूहळू मलंगगडाची कड दिसायला लागते, वाटेचा पांढुरका पट्टा दिसतो, लांबवर पालेगावच्या टॉवर्सच्या खिडक्या आणि त्यांतली एक आपली. हा अंधार एन्जॉय करायचा तर खिशात भरवशाचा उजेड लागतो. बटण दाबलं की तो हमखास लागणार याची खात्री असेल, तरच तो बंद करायची हिंमत होते.

मग काय, येत्या शनिवारी सेल टाकताय ना?